आडाची वाट

सीमाभागातील मराठीविषयी लिहिताना आमच्या लेखणीला पाट्या, शाळा, उतारे आणि परिपत्रके यांची सवय होऊन गेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून चालत आलेला प्रश्न मांडायचा म्हटले की याच गोष्टी आधी सुचतात. आज मात्र एका विहिरीविषयी लिहायचे आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही ती आमच्या जमिनीत खणून घेतली. तिच्या निमित्ताने एका मराठी शब्दाचा जो प्रवास आम्हांस पाहावयास मिळाला, तो येथील वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जमीन खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यालगत आहे. क्षेत्र सव्वातीन एकर, वडिलार्जित. डांबरी रस्ता संपल्यावर पुढे गाडीवाट आणि ओढा ओलांडला की पायवाट. वीज तेथवर पोहोचलेली नाही आणि बोअर मारणारी अवजड गाडी त्या वाटेने येणे शक्य नाही. तेव्हा पाणी हवे असेल तर हातांनी खणलेल्या उथळ विहिरीवाचून मार्ग नव्हता.

घाटमाथ्याचा हा भाग पावसाचा. मलप्रभा येथेच कणकुंबीला उगम पावते. जून ते सप्टेंबर शेताच्या बांधावर उभे राहणे कठीण होते, आणि तरीही एप्रिल उजाडला की त्याच वस्तीतील बायका घागरी घेऊन ओढ्याच्या डोहाकडे निघतात. बाहेरच्या माणसास हे कोडे वाटते. त्याचे उत्तर जांभ्यात आहे. जांभा दगड वरून कठीण दिसला तरी आतून सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो झरझर शोषून घेतो आणि उतारावरून तितक्याच वेगाने नाल्याला सोडूनही देतो. मात्र त्याच्या खाली पांढरट, पिवळसर चिकणमातीचा थर असतो, त्यातून पाणी सहजासहजी पुढे जात नाही. जांभा आणि ही माती जेथे भेटतात त्या सांध्यावर पाझर धरून राहतो. उथळ विहिरीचे सारे गणित त्या सांध्याचे असते. वर थांबलात तर पाणी नाही आणि खाली फार गेलात तर माती ढासळते.

याच दगडाला किनारी कन्नडमध्ये 'जंबिट्टिगे' म्हणतात. त्यातील 'इट्टिगे' म्हणजे वीट. बुकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारातील या दगडाला 'लॅटराइट' असे नाव दिले, ते ज्या लॅटिन शब्दावरून, त्याचाही अर्थ वीटच. आमच्याकडे मात्र 'जांभा' हा रंग पाहून ठेवलेला शब्द आहे आणि कापून काढलेल्या तुकड्याला 'चिरा' हा स्वतंत्र शब्द आहे.

जागा ठरवण्यासाठी पाणाड्याला बोलावावे असा घरच्या वडीलधाऱ्यांचा आग्रह पडला, आणि आम्ही तो मोडला नाही. पाणाड्या उंबराची बेचकी दोन्ही मुठींत धरून सगळी जमीन चालला आणि उताराच्या पायथ्याशी, उंबराच्या झाडापासून थोड्या अंतरावर, बेचकी खाली वळली. आमच्या मते तेथे पाणी लागणार हे बेचकीवाचूनही दिसत होते. मार्च सरला तरी त्या पट्टीतील गवत हिरवे होते, सकाळी पायाखालची माती गार लागे, आणि हाकेच्या अंतरावर आमच्या आजोबांच्या वेळचा, आता बुजलेला, एक आड होता. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूमिगत पाणी शोधण्यावर 'दकार्गल' नावाचा एक अख्खा अध्याय आहे. त्यातही झाडे, वारुळे, माती आणि दगड यांवरूनच अनुमाने केलेली आहेत. पाणाड्या अनुभवी होता. त्याची नजर आधीच उंबराकडे गेली होती.

"किती खोल?" असे विचारता तो म्हणाला, "तीन परस."

हा शब्द आम्ही कित्येक वर्षांनी ऐकला. परस म्हणजे पुरुष: हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची, पाच हात, म्हणजे सुमारे साडेसात फूट. बृहत्संहितेतही पाण्याची खोली पुरुषांतच मोजलेली आहे. म्हणजे आमच्या पाणाड्याच्या तोंडचे माप किमान चौदाशे वर्षे जुने, आणि ते त्याला कोणत्याही शाळेने शिकवलेले नाही. गंमत अशी की कन्नडमध्येही 'आळु' म्हणजे माणूस आणि 'आळुद्द' म्हणजे पुरुषभर उंची वा खोली. माणूस बुडेल की नाही, हाच पाण्याविषयीचा पहिला प्रश्न दोन्ही भाषांना पडलेला दिसतो.

काम एप्रिलच्या अखेरीस सुरू केले. विहीर उन्हाळ्याच्या शेवटीच खणावी, कारण तेव्हा पाण्याची पातळी सर्वांत खाली गेलेली असते. दिवाळीत खणलेली विहीर हमखास भरते आणि हमखास मे महिन्यात कोरडी पडते. खणणारे पाच जण वडार समाजातील होते. आपसांत ते तेलुगूच्या जवळची बोली बोलत. बांधकामाचा गवंडी नंदगडकडचा, घरी कन्नड बोलणारा. सिमेंट आणि वाळू घेऊन येणारा टेम्पोवाला गोव्याच्या सत्तरीतला. आणि आम्ही. एकाच खड्ड्याभोवती चार भाषा उभ्या होत्या आणि एकोणीस दिवसांत कोणाचेही कोणावाचून अडले नाही.

दुपारच्या सावलीत एकदा त्या खड्ड्याला कोण काय म्हणतो याची मोजदाद झाली. वडार म्हणाले 'बावि'. गवंडीही म्हणाला 'बावि'. टेम्पोवाला म्हणाला 'बांय'. आमची 'विहीर' तेथे एकटीच पडली. पण मराठीतही 'बाव' आहेच, आणि पायऱ्यांची 'बारव' तर सर्वांच्या ओळखीची. बडोद्याच्या वाचकांना लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील नवलखी वाव ठाऊक असेल. इंदूर-ग्वाल्हेरकडे 'बावडी' म्हणतात आणि हैदराबादच्या तेलुगूत 'बावि'. या सर्वांचे मूळ संस्कृत 'वापी'. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेली आपली माणसे ज्या ज्या प्रदेशांत स्थिरावली, त्यांपैकी कित्येक ठिकाणी विहिरीला मिळालेला शब्द एकाच घराण्यातला आहे. पाणी काढण्याच्या चाकाचेही तसेच. आमचा 'रहाट' संस्कृत 'अरघट्ट' पासून आला, आणि गवंडी ज्याला 'राटे' म्हणत होता तोही तेथूनच.

तरीही मराठीने या घराण्यात आपले काही शब्द जतन केले आहेत आणि ते नेमके आहेत. 'विहीर' रुंद, तिच्यावर मोट चालू शकते. 'आड' अरुंद, गोल, पायऱ्या नसलेला, दोरीने पाणी काढण्याचा. जुन्या महसुली भाषेत मोटेच्या पाण्याखालील जमीन 'मोटस्थळ' आणि पाटाच्या पाण्याखालील 'पाटस्थळ' होती. आडाखाली जमीन भिजत नसे. आड पिण्याच्या पाण्यासाठी असे, आणि म्हणून बहुधा एकट्या घराचा नसे. हा भेद ध्यानात ठेवावा अशी वाचकांस विनंती आहे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तेरा फूट व्यासाचा खड्डा घेतला, म्हणजे बांधून आत दहा फूट उरतील. पहिले चौदा फूट जांभा होता आणि तो स्वतःच्या बळावर उभा राहिला. त्याखाली ओल आली, मग मातीचा थर आला आणि काठ सुटू लागले. येथून पुढचे काम घाईचे नसते. जुन्या विहिरींच्या तळाशी उंबराच्या लाकडाचे कडे घालीत आणि त्यावर दगड चढवीत, कारण ते लाकूड पाण्याखाली दीर्घकाळ टिकते. आम्ही काँक्रीटचे कडे घातले. खालच्या भागात दगड कोरडे रचले, म्हणजे पाझर आत येण्यास वाट राहील. वरचे सहा फूट मात्र सिमेंटात पक्के केले, जेणेकरून पावसाळ्यातील गढूळ पाणी काठाने आत उतरू नये. वर तीन फुटांचा कठडा आणि सभोवार बाहेरच्या बाजूस उतार दिलेला ओटा. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत नको, हे सांगावे लागते, कारण जांभ्यातून केवळ स्वच्छ पाणीच झिरपते असे नाही.

खणताना साचलेले पाणी उपसण्यासाठी एक छोटे इंजिन आणले होते. ते खाली उतरवले तर पाणी लवकर निघेल असे एक जण म्हणाला. आम्ही ते होऊ दिले नाही. इंजिनाचा विषारी धूर विहिरीत साचतो आणि आत उतरलेला माणूस ओरडण्यापूर्वीच निपचित पडतो. न्यायालयात अशा मृत्यूंची कागदपत्रे आमच्या हातांखालून गेली आहेत. इंजिन काठावर राहिले, केवळ पाइप खाली सोडला.

तिसरा परस पुरा होत आला त्या दिवशी सांध्यातून दोन बाजूंनी धार सुटली. तळातून एक जण "नीळ्ळु" म्हणाला, गवंड्याने वरून "नीरु बंतु" अशी हाळी दिली, आणि आमच्या तोंडून "पाणी लागले" असे गेले. कन्नडचे पाणी येते, मराठीचे लागते. खणणाऱ्याच्या पहारीला ते लागते, म्हणून.

खोली साडेबावीस फूट भरली. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाणी पाच फूट उभे होते, म्हणजे सुमारे अकरा हजार लिटर. दोन फूट उपसून पाहिले, ते तीन तासांत पुन्हा भरून आले: तासाला दीड हजार लिटरांच्या आसपास. ऊस लावण्याजोगे हे पाणी नव्हे. पिण्यास, गुरांस, परसातील भाजीला आणि काजूच्या रोपांना पुष्कळ. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर या हिशेबाने अठ्ठावीस ग्रॅम पुडी मोजून टाकली आणि विहिरीचे काम संपले.

कागदाचे काम राहिले होते.

आमच्या जमिनीचे मुंबई इलाख्याच्या काळातील मोडी खरेदीखत घरात आहे. त्याच्या चतुःसीमेनंतर, उत्तरेकडील वहिवाटदारांस 'आडाची वाट व आडाचे पिण्याचे पाणी' पूर्वापार चालू राहील, असे कलम आहे. उत्तरेकडील घर आजही आहे. ते कन्नड बोलणारे कुटुंब. घरात एक वृद्ध अज्जी, तिचा मुलगा, सून आणि नातवंडे. अज्जी सासरी आल्या तेव्हा त्या आडाचेच पाणी पीत असत. पुढे वस्तीत हातपंप आला, आड हळूहळू बुजत गेला, आणि वाटेवर करवंदीची जाळी माजली. आता हातपंपाच्या पाण्याला गंजाचा वास येतो आणि एप्रिलनंतर तो नुसता खडखडतो.

जुन्या खताचे मध्यंतरी एका कार्यालयीन कामासाठी कन्नडमध्ये भाषांतर झाले होते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. तरीही ज्याने त्याचे बाळबोध लिप्यंतर केले, त्याने 'आडाची वाट' अचूक उतरवली होती. घात पुढच्या पायरीवर झाला. भाषांतरकाराला 'आड' म्हणजे पाण्याचा, हे ठाऊक नव्हते. त्याला 'आडवाट' मधला आड आठवला आणि त्याने कन्नडमध्ये 'अड्ड दारि' लिहिले. आडवी वाट, उपवाट. वाट कोठे जाते हेच कागदातून नाहीसे झाले. पुढच्या ओळीतील पाण्याचा उल्लेखही मग निराधार ठरला, आणि त्यापुढच्या उताऱ्यांत कोणी तो नकलूनसुद्धा घेतला नाही.

येथे नीट पाहावे. मराठी शब्द न समजल्यामुळे ज्याचा हक्क कागदावरून पुसला गेला, ते घर कन्नड आहे. सीमाभागात कार्यालयांतून मराठीची मागणी आम्ही करतो, तेव्हा ती केवळ आमच्या सोयीची मागणी म्हणून ऐकली जाते. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयीच्या १९५६ च्या निवेदनात, ज्या भागात अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असा विचार आहे; राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-ब त्यासाठी विशेष अधिकारी देतो. हे सारे आम्ही अर्जांतून अनेकदा लिहिले आहे. परंतु या भागातील एका पिढीपूर्वीचे कितीतरी व्यवहार मराठीत आणि मोडीत नोंदलेले आहेत, आणि त्या व्यवहारांत कन्नड घरे, उर्दू बोलणारी घरे, कोकणी घरे बांधलेली आहेत. कार्यालयात मराठी वाचणारा एक माणूस असणे हे त्यांच्याही बांधाचे, वाटेचे आणि पाण्याचे रक्षण आहे. ही बाजू आमच्या चळवळीने जितकी मांडावयास हवी तितकी मांडलेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याच्या काटेकोर दृष्टीने अज्जींच्या हाती फारसे काही उरले नव्हते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे वीस वर्षे अखंड उपभोग थांबला की सुविधाधिकार संपतो. आड बुजून त्याहून अधिक काळ लोटला होता. शिवाय नवी विहीर म्हणजे जुना आड नव्हे. आणि जे भूमिगत पाणी ठरावीक प्रवाहातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क कलम ७ खाली जमीनमालकास आहेच. आमच्या चुलत बंधूंनी हे सर्व आम्हांलाच ऐकवले. "आज घागर, उद्या पंप," हा त्यांचा मुद्दा. तो अगदीच टाकाऊ नव्हता. अशा दाव्यांत आम्ही दोन्ही बाजूंनी उभे राहिलो आहोत आणि घागरीचा पंप होताना पाहिला आहे.

अज्जींनी मात्र काही मागितले नव्हते. विहिरीला पाणी लागल्याचे ऐकून त्या काठी टेकीत आल्या, कठड्यावर हात ठेवून बराच वेळ खाली पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "वकीलरे, पाणी गोड हाय काय?" तांब्या भरून दिला. त्यांनी तो संपवला आणि जुना आड कोठे होता ते काठीने दाखवले. आमच्या अंदाजापेक्षा ती जागा चार पावले अलीकडे निघाली.

भावाभावांत दोन बैठका झाल्या. अखेर नवा लेख करावा असे ठरले: पिण्यासाठी आणि घरातील गुरांसाठी पाणी, ते केवळ दोरी आणि पोहऱ्याने, कोणत्याही यंत्राशिवाय, वाट चार हात रुंद, डागडुजीचा खर्च चौथा हिस्सा त्यांच्याकडे. पंपाची चिंता यंत्राच्या अटीने मिटली आणि बंधूंची सही झाली.

लेख मराठीत करावा हा आमचा आग्रह होता. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १९ नुसार दस्त नोंदणी अधिकाऱ्याला न कळणाऱ्या आणि जिल्ह्यात सामान्यतः न वापरल्या जाणाऱ्या भाषेत असेल, तर सोबत खरे भाषांतर द्यावे लागते. बेळगाव जिल्ह्यात मराठी सामान्यतः वापरली जात नाही, असे म्हणण्यास फार धाडस लागेल; तरीही वाद नको आणि अज्जींच्या मुलाला स्वतः वाचता यावे, म्हणून आम्ही आपणहून कन्नड प्रत तयार केली. या खेपेस भाषांतराला आमच्याबरोबर अज्जींचा मुलगा आणि तो गवंडी, असे दोघे बसले.

आणि पुन्हा 'आड' पाशीच अडले. नुसते 'बावि' लिहावे तर ती मोटेचीही होऊ शकते, पंपाचीही. दोरीने पाणी काढण्याची, एवढाच अर्थ हवा होता. गवंडी म्हणाला, "मग 'सेदु बावि' लिहा की." कन्नडमध्ये 'सेदु' म्हणजे दोरीने पाणी वर ओढणे. आम्ही मराठी मसुदा पुढे ओढला. त्यात तोवर 'पाणी काढण्याचा हक्क' असे मोघम लिहिलेले होते. 'काढणे' पंपानेही होते. ते खोडून 'पाणी शेंदण्याचा हक्क' केले. शेंदणे आणि सेदु. दोन्ही शब्द मोठ्याने वाचून पाहिले तेव्हा अज्जींचा मुलगा हसला आणि म्हणाला की हे तर आमचेच लिहिले आहे तुम्ही. गवंड्याला ते तितकेसे नवल वाटले नाही. त्याला परतीची बस गाठायची होती.

शहरी मराठीत 'शेंदणे' आता ऐकू येत नाही. नळ आला, मोटार आली आणि क्रियापद गेले. परंतु दस्तात ते हवे, कारण 'काढणे', 'घेणे', 'उपसणे' यांपैकी एकही शब्द दोरी, पोहरा आणि माणसाचे दोन हात इतक्यांनाच बांधलेला नाही. तरुण वकिलांना आमची सूचना आहे की पाण्याचे लेख लिहिताना जुने कोश उशाशी ठेवावेत. तसेच विहीर खणण्यापूर्वी आपले क्षेत्र भूजल कायद्याखाली अधिसूचित आहे की नाही हे पाहावे. कर्नाटकात त्यासाठी २०११ चा आणि महाराष्ट्रात २००९ चा कायदा आहे.

नोंदणीच्या दिवशी अज्जींनी अंगठा उठवला, मुलाने कन्नडमध्ये सही केली, आमच्या बाजूच्या सह्या मराठीत झाल्या. कारकुनाने कन्नड प्रत वाचली, 'सेदु बावि' पाशी क्षणभर थांबला, काही न विचारता पुढे गेला आणि शिक्का मारला. पहिल्या पावसापूर्वी विहिरीवर रहाट बसवला. करवंदीची जाळी तोडून चार हातांची वाट मोकळी केली, आणि जुन्या आडाची जागा कळावी म्हणून तेथे एक चिरा उभा करून ठेवला आहे.